म्हाताऱ्या शिपायांचं काम कमी

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुनेला ऑफिसातून डायरी मिळाली, ती तिने माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाली, "आई, दिवसभर भिंतींशी बोलता, त्यापेक्षा हिच्याशी बोला." मी चौथी पास. पास म्हणजे मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललेली. अक्षर मोठं येतं, ओळी खाली उतरतात. पण डायरीला पानं भरपूर आणि मला बोलायला भरपूर. जमेल आमचं.

आनंदाची बातमी आधी. वाचनालयाच्या खुर्च्या मला मिळाल्या! सगळ्या वाचनकक्षाच्या! लाकूड अजून ठणठणीत, पण वेताच्या बैठका फाटून लोंबताहेत. माणूस वाचायला बसला तर पुस्तकासकट खाली. जूनमध्ये वाचनालय पुन्हा उघडायचंय. तिथला व्यवस्थापक म्हणाला, "आजी, एकटीने झेपेल?" मी म्हटलं, "हात आहेत तोवर झेपेल."

हात म्हणाले खरी, पण निम्मं काम दातांचं. वेताची ओली पट्टी भोकातून वर काढायची, टोक पुढच्या दातांत धरायचं, मान मागे घेऊन ताणायची, की दोन्ही हात मोकळे. आईने मला असंच शिकवलं. लोक दाती तृण धरून शरण जातात. मी जन्मभर दाती वेत धरला आणि कुणाला शरण गेले नाही.

आज पहिल्याच बैठकीवर गुलाबी ठिपका दिसला. वेताची धार ओठाला लागली असणार. पुसून टाकला.

९ फेब्रुवारी, सोमवार

ओठ नव्हे. हिरडी. खालचे पुढचे चार दात आहेत, त्यांच्या मुळाशी रक्त येतं. दुखत मात्र काहीच नाही, म्हणजे मोठं काही नसणार. पण त्यातला एक जिभेने ढकलला की पुढे जातो आणि सोडला की मागे येतो. आता दिवसभर जीभ तिथेच. लहान मूल दाराच्या कडीशी खेळतं तशी.

थोरल्या जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात. चहाला आल्या आणि त्यांनी ओळखलंच.

"काय गं धाकटे, दात हलतोय?"

"छे हो, वेताचा तुकडा अडकलाय."

"मला शिकवतेस? काढून टाक सगळे. एकदा रडायचं आणि सुटायचं. माझी कवळी बघ. दुखत नाही, किडत नाही, मी पलंगावर झोपते आणि ती वाटीत झोपते."

आणि हसल्या. तोंडावर पदर धरून. पहिल्यापासून दिमाखच तसा. वरती सगळी कवळी, खाली मोजकेच आपले, पण तोरा असा की जणू मोत्यांची माळ. मी म्हटलं, "हसतील त्यांचे दात दिसतील."

"दिसू देत की! माझे नवे आहेत."

यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. बिस्कीट चहात इतका वेळ बुडवतात की शेवटी चमच्याने काढून खावं लागतं. म्हणे अशीच चव लागते. नाजूक झाल्यात हल्ली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उपाय सापडला! आणि कुठे सापडला, तर माझ्याच वेत भिजवायच्या बादलीत.

वेत ओला असला की सैल, सुकला की आवळतो. ओला विणायचा आणि वाळू द्यायचा, मग बैठक अशी ताठ होते की वर नाचावं. आता माझी हिरडी. दिवसभर पाण्यात. लाळ, चहा, पाणी. सैल पडणार नाहीतर काय होणार! तेव्हा तोंड कोरडं ठेवायचं. पाणी घोटभरच. सकाळ-संध्याकाळ तुरटी लावायची, कारण तुरटी ओढून धरते. आणि पुढच्या चार दातांना ब्रश लावायचा नाही, कारण ब्रश लागला की रक्त येतं. जखम कुणी घासतं का?

एवढं साधं कुणाला कसं सुचलं नाही!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. ब्रश नाही म्हणून रक्त नाही. जीभ टाळूला चिकटते आणि बोलताना टकटक आवाज येतो, पण काही कमवायचं तर काही सोसावं लागतं. बाहेरगावी असलेली नात फोनवर तोंड दाखवून बोलते. म्हणाली, "आजी, तू ओठ मिटून का हसतेस? एखाद्या कार्यालयातल्या साहेबासारखी दिसतेस." मी म्हटलं, आता मला मोठं काम मिळालंय, साहेबच मी.

दोन बैठका पूर्ण झाल्या. सुंदर!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सफरचंद चावलं आणि तो हलणारा दात आडवा झाला. आडवाच! बोटाने उभा केला. ओंजळभर थुंकी, त्यात रक्त आणि पिवळं काहीतरी. सून दारात उभी होती. तिने नाकाला हात लावला आणि लगेच काढला, मला वाईट वाटू नये म्हणून. गुणी आहे.

"आई, उद्या दातांच्या डॉक्टरकडे."

"अगं, सुकतायत."

"काय सुकतंय?"

सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज इतकं लिहायचंय की हात दुखेल.

डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. खुर्ची त्यांची झकास, पाय वर, डोकं खाली. पण बैठक रेक्झिनची, वेत नाही. मी म्हटलं, पाठीला घाम येत असेल बघा माणसांना. त्या म्हणाल्या, "आजी, घाम खुर्चीमुळे येत नाही."

बारीक सळईने एकेका दाताभोवती हिरडी किती खोल सुटलीय ते मोजलं. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक म्हणे. माझं पुढे सहा, सात, आठ. फोटो काढला. पडद्यावर माझ्याच जबड्याचं हाड, कडेने खचलेलं.

मग विचारलं, "तोंड इतकं कोरडं का? पाणी पीत नाही?"

आता लपवून काय उपयोग? वेताची सगळी गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत, उलट सळई खाली ठेवून खुर्ची जवळ ओढली.

"वेत मेलेला असतो, आजी. हिरडी जिवंत आहे. लाळ म्हणजे तिचं धुणं-पुसणं करणारी बाई, तिलाच तुम्ही रजा दिलीत. आणि ब्रश बंद करून जखम नाही वाचवली, घाण वाढवलीत. रक्त थांबलं नव्हतं, तुम्हाला दिसायचं थांबलं होतं."

सून खिडकीबाहेर बघत होती, पण खांदे हलत होते तिचे.

मी म्हटलं, "पण बाई, मी आयुष्यभर असेच दात घासले. आत्ताच का?"

"घाण तुमच्या सुनेच्या दातांवरही बसते. जंतूंशी लढायला रक्तात शिपाई असतात. तरुणपणी ते नेमके जागेवर जातात, काम उरकून परत येतात. वय झालं की शिपाईही म्हातारे होतात. उशिरा निघतात, वाट चुकतात, आणि एकदा पोहोचले की भांडण संपवून घरी जायचं त्यांना कळत नाही. हाणामारी चालूच. त्यात तुमचीच हिरडी सुजते, तुमचंच हाड झिजतं."

"म्हणजे चोराने नाही, शिपायांनीच घर पाडलं?"

"दोघांनी मिळून."

"मग शिपायांना तरुण करायचं औषध द्या."

"असतं तर पहिली गोळी मी घेतली असती."

"मग करायचं काय?"

"शिपायांना काम कमी द्यायचं. चोरच आत येऊ द्यायचे नाहीत. ते तुमच्या हातात."

शेवटी त्यांनी खरी गोष्ट सांगितली. चारातल्या एका दाताला हाड उरलेलंच नाही, तो जाईल. बाकीच्या तिघांना जूनपर्यंत मुदत. खोल सफाई करायची, मी रोज घासायचं, पुन्हा मोजायचं. हिरडी भरून आली तर राहतील. नाहीतर तेही काढायचे. आणि दातांत वेत धरायचा नाही. आजपासून.

"धरला नाही तर मी विणू कशी?"

"ते मला नाही माहीत, आजी. पण धरलात तर मी ते वाचवू शकणार नाही."

साखरेची तपासणीही करून घेतली. साखर व्यवस्थित निघाली. म्हणजे गोड खायला हरकत नाही, हे मीच ठरवलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

मला त्या शिपायांचा रागच येईना. बिचारे! आमच्या गल्लीचा रखवालदार आठवला. मागे मांजर आलं तर हा चोर समजून उठला, मांजर गेल्यावर, आणि काठी फिरवून शिंप्याची काच फोडली. कुणी थांब म्हटलं तरी फिरवतोच आहे. कुणी काढला का त्याला? नाही. गल्लीने दाराला कडी बसवली आणि त्याला सांगितलं, तुम्ही बसा आता.

माझ्यासाठी एवढी वर्षं राबलेत हे शिपाई. आता कडी मी बसवणार. ठरलं!

६ मार्च, शुक्रवार

अर्ध्या तोंडाची सफाई झाली. सुई दिली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, मग ओठच सापडेना. हिरडीच्या आत मुळावर दगड साठला होता, तो खरवडला. आवाज असा की खुर्चीला पॉलिशपेपर घासतायत. मला तर ओळखीचाच वाटला, मी निम्मा वेळ मजेत होते.

दातांच्या फटीत घालायचे चिमुकले ब्रश दिले. बाटली घासायच्या ब्रशाची नातवंडं जणू.

१० मार्च, मंगळवार

वेत दातांत न धरता विणणं म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं. सुताराकडून लाकडी खुंट्या करून आणल्या. प्रत्येक भोकात पट्टी ओढायची, खुंटी ठोकायची, पुढे जायचं, मागची काढायची. खुंटी सटकते, पट्टी सैल पडते, पुन्हा पहिल्यापासून. आणि सवय अशी खोडील की मान आपोआप खाली जाते, तोंड उघडतं. आज दोनदा टोक दातांना लागलं. मग तोंडाला फडकंच बांधलं. जाऊबाई दारातून म्हणाल्या, "बँक लुटायला निघालीस?"

हसू नका म्हटलं. हसल्याच. पदराआड.

२० मार्च, शुक्रवार

आज घाबरले. आरशात दात लांब झालेत! घोड्यासारखे! आणि गार पाणी लागलं की मस्तकात कळ. जाऊबाई म्हणाल्या, "बघ, घासून घासून हिरडी खरवडून टाकलीस. मी सांगत होते. काढ आणि मोकळी हो."

मनात आलं, सोडून द्यावं. खुर्च्या रखडल्यात, हात सोलवटलेत, आणि एवढं करून घोडी झाले. डॉक्टरीणबाईंना सुनेने फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, "सूज उतरली, आजी. आधी हिरडी फुगलेली होती म्हणून दात झाकलेले दिसत होते. जे खचलंय ते परत वर येणार नाही. पण रक्त येतंय का?"

मी फटीत ब्रश घालून बघितला. पांढरा आला. पुन्हा घातला. पांढराच.

घोडी तर घोडी.

३ एप्रिल, शुक्रवार

तो एक दात गेला. म्हणजे गेला आणि राहिला! डॉक्टरीणबाईंनी तो काढला, मूळ कापून टाकलं, आणि वरचा तुकडा त्याच जागी परत उभा केला. दातांच्या मागून रेशमासारखी बारीक पट्टी चिकटवली, एका दातावरून दुसऱ्यावर, आणि सगळे एकत्र बांधले. मी आरसा मागितला. अहो, ही तर वीणच! म्हटलं, "बाई, टोक कशात धरलंत?"

"चिमट्यात. दातांत नाही."

दोघी हसलो. मधल्याला आता पाय नाही, शेजाऱ्यांच्या आधाराने उभा आहे. जास्त दांडगाई केली तर सुटेल म्हणाल्या. दांडगाई करणार नाही. तिघांच्या जिवावर चौथा, असं किती घरांत चालतं.

२२ एप्रिल, बुधवार

खुंटीचा हात बसला! पट्टी सटकत नाही. आणि एक नवल. दातांनी धरायचे तेव्हा मान मागे खेचावी लागायची, आता ताठ बसून विणते. मानेची जुनी कळ गेली. आईला हे सांगायला हवं होतं. तिचे दात पन्नाशीतच गेले होते, आम्हाला वाटायचं म्हातारपण.

१४ मे, गुरुवार

जाऊबाई दुपारी आल्या. सून कामावर, घरात आम्ही दोघीच. मी शेंगदाणे पुढे केले, त्यांनी दुसरीकडे सरकवले. बराच वेळ खुंट्यांशी खेळत बसल्या. मग एकदम म्हणाल्या,

"ती तुझी डॉक्टरीण. फार बोलते का?"

"माझ्यापेक्षा कमी."

"ते कुणीही." मग खुंटी खाली ठेवली. "खालचे उरलेत माझे. हलतात. वरचे असेच गेले. दुखत नव्हते, मग जाणारच कशाला कुणाकडे? हलले, काढले. राहू शकतात असं मला कुणी म्हणालंच नाही गं."

मी काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी पदर तोंडावर धरला होता आणि त्या हसत नव्हत्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो पदर. ते चहात बुडवलेलं बिस्कीट. दिमाख म्हणत होते मी त्याला! मेली अक्कल माझी.

"चला मग माझ्याबरोबर."

"आत्ता नाही. जूनमध्ये तुझं मोजणार ना? तुझे राहिले तर येईन. नाही राहिले तर उगाच कशाला ती सुई?"

वरती गेल्या. आता माझे तीन दात माझे एकटीचे राहिले नाहीत.

१५ मे, शुक्रवार

सकाळी घासले. रात्री घासले. फटी साफ केल्या. पाणी प्याले. शिपायांना सांगितलं, झोपा.

५ जून, शुक्रवार

खुर्च्या चार दिवसांपूर्वी पोहोचल्या. शेवटची बैठक ठोकून बघितली, ढोलकीसारखी वाजली. व्यवस्थापक सगळ्यांत आधी स्वतः बसला, मग उठायलाच तयार नव्हता.

पण आज मोजणी. सून रजा काढून आली होती. सळई हिरडीला लागली की डॉक्टरीणबाई आकडा सांगतात आणि त्यांची मदतनीस लिहून घेते. मी डोळे मिटून ऐकत होते. तीन. तीन. चार. तीन. मागे एका दाढेला पाच. पुढे, माझ्या तिघांना, चार, तीन, चार. रक्त एका जागी, टिपूसभर.

"आजी, राहतील."

मी खुर्चीतच उठून बसायला गेले आणि दिव्यावर डोकं आपटलं.

त्या म्हणाल्या, "पण ऐका. हे बरं होऊन संपणारं नाही. शिपाई म्हातारेच राहणार. दर तीन महिन्यांनी यायचं आणि रोज हातानं काम करायचं. सोडलंत तर परत."

"रोज तर मी जेवतेही. ते कुठे कधी संपलं?"

घरी येऊन तशीच वरच्या मजल्यावर गेले, दम लागला तरी. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे. मी तोंड उघडून दाखवलं. त्यांनी बोट घालून माझे दात हलवून बघितले. घालून! हात धुतला होता की नाही देवाला माहीत.

"हलत नाहीत गं," त्या म्हणाल्या.

९ जून, मंगळवार

जाऊबाईंना घेऊन गेले. रस्ताभर बोलत होत्या. माझी चप्पल, माझी सून, वाचनालयवाल्याने मला कसं गुंडाळलं, सगळं. खुर्चीत बसल्या, कवळी काढून वाटीत ठेवली, आणि दिव्याखाली तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड उघडं होतं आणि बोलत होते मी. डॉक्टरीणबाईंना शिपायांची गोष्ट सांगूच दिली नाही, मीच सांगितली. रखवालदारासकट. शिंप्याच्या काचेसकट. जाऊबाई डोळे वटारत होत्या, पण उत्तर कुठून देणार? फार मजा आली. लिहायला हरकत नाही, त्यांना माझं अक्षर वाचता येत नाही.

मग सळई आली. सहा. सात. पाच. सात. जाऊबाईंचा हात हवेत चाचपडत आला आणि त्यांनी माझा हात धरला. बांगडी रुतली. मी हात सोडवला नाही.

कवळीखालची हिरडीही लाल होती. रात्री ती काढतात, पण घासत नव्हत्या. तेही शिकवलं. खालच्यांबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका दाताचं सांगता येत नाही. बाकीच्यांसाठी प्रयत्न करू. पण मेहनत तुम्हाला घ्यावी लागेल, आजी. थोडीथोडकी नाही."

तोंडात कापूस, वर दात नाहीत, तरी जाऊबाईंनी काहीतरी विचारलं. नुसताच "अअअ?" असा आवाज आला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "विचारतायत, कधीपासून घ्यायची."

जाऊबाईंनी मान हलवली आणि मी दाखवायला आणलेला चिमुकला ब्रश माझ्या हातातून ओढून घेतला.